स्वस्त रेग्युलेटर घ्यायचाय? आधी सर्व्हिस करणारा शोधा

पत्र: मी देवबागचा. मालवणात एका डाइव्ह सेंटरवर मदतनीस आहे. रेस्क्यू डायव्हर झालोय आणि या हंगामात डाइव्हमास्टर करतोय. कॉम्प्युटर, मास्क, फिन्स माझे आहेत. रेग्युलेटर (टँकमधली हवा श्वासाजोगी करून देणारं यंत्र) मात्र रोज सेंटरचा, आज हा तर उद्या तो. आता स्वतःचा घ्यायचा आहे. बजेट ४० हजार. तीन पर्याय समोर आहेत. पहिला, नावाजलेल्या कंपनीचा नवा साधा अनबॅलन्स्ड पिस्टन सेट, फर्स्ट स्टेज (टँकवर बसणारा भाग) आणि सेकंड स्टेज (तोंडात धरायचा भाग) मिळून २६ हजार. दुसरा, गोव्यातल्या एका इन्स्ट्रक्टरचा वापरलेला बॅलन्स्ड डायफ्रॅम (पिस्टनऐवजी लवचिक पडद्यावर चालणारा), ऑक्टोपस (दुसऱ्याला द्यायचा जादा सेकंड स्टेज) आणि प्रेशर गेजसकट २२ हजार. तो ७ वर्षांचा आहे आणि शेवटची सर्व्हिस ३ वर्षांपूर्वी झाली आहे. तिसरा, ऑनलाइन मिळणारा बिननावाचा पूर्ण सेट, ११ हजार. सगळे म्हणतात अनबॅलन्स्ड घेऊ नकोस. काय करू?

उत्तर: तुम्ही प्रकार, वय, किंमत सगळं कळवलंत. पण हा रेग्युलेटर उघडून दुरुस्त करणार कोण, हे पत्रात कुठे नाही, आणि आमच्या मते निर्णय तिथूनच सुरू व्हायला हवा. रेग्युलेटर एकदा घेतला की १०-१५ वर्षं सहज चालतो. मात्र त्यातल्या ओ-रिंगा (रबरी कड्या), सीट (जिच्यावर झडप बसून हवा रोखते तो भाग) आणि फिल्टर ठरावीक काळाने बदलावे लागतात. कंपन्या साधारण वर्षाची किंवा दोन वर्षांची, अथवा १०० डाइव्हची मुदत देतात, यातलं जे आधी येईल ते. तुम्ही हंगामात रोज दोन-तीनदा पाण्यात उतरणार, म्हणजे १०० डाइव्ह दिवाळीपासून नाताळपर्यंतच भरतील. त्यामुळे कॅलेंडर तुमच्या कामाचं नाही. तुम्हाला वर्षातून किमान एक सर्व्हिस धरूनच चालावं लागेल, आणि पावसाळ्याचे बंद महिने त्यासाठी सोयीचे.

म्हणून पैसे देण्याआधी दोन-तीन फोन करा. मालवण, गोवा, मुंबई, पुणे यांपैकी जिथे तुमचं येणं-जाणं आहे तिथे त्या ब्रँडचं प्रशिक्षण घेतलेला टेक्निशियन आहे का, ते विचारा. नेमक्या मॉडेलचं नाव सांगून सर्व्हिस किट (बदलायच्या भागांचा संच) हातात आहे की मागवावं लागेल, एक फर्स्ट आणि दोन सेकंड स्टेजचे किट आणि मजुरी मिळून किती होतील, किती दिवस लागतील, हेही विचारा. उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. काही कंपन्या सुट्या भागांची सवलत फक्त पहिल्या मालकाला आणि अधिकृत विक्रेत्याकडून घेतलेल्या मालालाच देतात, तेव्हा जुन्या सेटसाठी किटची पूर्ण किंमत धरा. ज्या मॉडेलबद्दल समाधानकारक उत्तर मिळत नाही ते कितीही स्वस्त असलं तरी सोडून द्या.

या एका कसोटीवर तुमचा तिसरा पर्याय गळतो. ११ हजारांचा सेट पहिल्या दिवशी हवा देणार नाही असं आम्ही म्हणत नाही, कदाचित छान देईल. पण त्याचं किट मिळत नाही, आतल्या भागांचा नकाशा मिळत नाही, आणि सीट झिजली की तो तसाच कपाटात पडून राहतो. त्यावर ईएन २५० ची खूण आहे का तेही बघा. बहुतेक वेळा नसते, किंवा वेबसाइटवर लिहिलेली असते पण धातूवर कोरलेली नसते.

ईएन २५० जरा समजून घ्या, कारण "अनबॅलन्स्ड घेऊ नकोस" या सल्ल्याचं उत्तर त्यातच आहे. हे स्कूबा रेग्युलेटरचं युरोपीय मानक. त्याच्या चाचणीत रेग्युलेटर ५० मीटर खोलीइतक्या दाबाखाली मशीनवर लावतात, मिनिटाला ६२.५ लिटर श्वास ओढतात, आणि तेही टँकमध्ये फक्त ५० बार (बार हे दाबाचं माप) असल्यासारखं. त्या स्थितीत श्वासाला लागणारं काम लिटरमागे ३ ज्यूलपेक्षा जास्त भरता कामा नये. ५० मीटरवर दाब ६ बार असतो, म्हणजे पृष्ठभागाच्या हिशेबात मिनिटाला ३७५ लिटर हवा झाली. आता मालवणचा हिशेब करा. तुमचं काम जास्तीत जास्त १० मीटरपर्यंत, म्हणजे २ बार. शांत माणूस पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर घेत असेल तर तिथे ४० लागतात. घाबरलेला पाहुणा तुमच्या ऑक्टोपसवर आला आणि दोघांनी दुप्पट वेगाने श्वास घेतला तरी १६० च्या आसपास. चाचणी उत्तीर्ण झालेला साधा पिस्टन रेग्युलेटर हे सहज पुरवतो. २०१४ च्या मानकात ईएन २५० नंतर ए हे अक्षर असेल तर तो सेट ऑक्टोपससह, दोन माणसांनी एकाच वेळी श्वास घेण्यासाठी तपासलेला असतो. ती खूण आवर्जून शोधा. सोबत "१० अंशांपेक्षा जास्त" असं चिन्ह दिसलं तर घाबरू नका. तो सेट थंड पाण्यासाठी तपासलेला नाही एवढाच त्याचा अर्थ, आणि आपल्या पाण्याशी त्याचा संबंध नाही. थंड पाण्याच्या किटसाठी जास्तीचे पैसेही मोजू नका.

मग बॅलन्स्डचा फायदा काय? फर्स्ट स्टेज टँकमधला २०० बारचा दाब भोवतालच्या दाबापेक्षा साधारण ९ ते १० बार जास्त एवढ्यावर आणते. याला मधला दाब म्हणू. साध्या पिस्टनमध्ये टँकची हवा स्वतःच झडपेला उघडायला मदत करते, त्यामुळे टँक रिकामा होत गेला की ती मदत कमी होते आणि मधला दाब बारभर उतरतो. शेवटच्या ५० बारमध्ये श्वास किंचित जड लागतो तो यामुळे. बॅलन्स्डमध्ये टँक भरलेला असो की संपत आलेला, मधला दाब तोच राहतो. १० मीटरवर हा फरक जाणवलाच तर जेमतेम. नेत्राणीला (कर्नाटकातलं बेट) किंवा अंदमानात २५-३० मीटरवर, ओढ असलेल्या पाण्यात, टँक शेवटाला आलेला असताना तो स्पष्ट जाणवतो. पुढे तिकडे नोकरी करायचा विचार असेल तर बॅलन्स्डला वजन द्या. फक्त मालवणातच राहायचं असेल तर साध्या पिस्टनला नाक मुरडायचं कारण नाही. त्यात हलणारा मुख्य भाग एकच, ओ-रिंगा मोजक्या आणि किट स्वस्त. स्क्युबाप्रोचा एमके२ हा याचाच नमुना. तो अनेक दशकं जवळपास त्याच रचनेत बनतो आहे, आणि जगभरातल्या सेंटरवाल्यांना तो आवडतो तो याच साधेपणामुळे.

आपल्याकडे खरी अडचण गाळाची आहे. साध्या पिस्टनच्या फर्स्ट स्टेजला बाजूने भोकं असतात. पाणी त्यातून आत जाऊन पिस्टनवर दाब देतं, आणि पाण्याबरोबर रेती, गाळ, मीठही जातं. ऑक्टोबरमध्ये पाणी अजून गढूळ असताना हे जास्त होतं. आत वाळलेलं मीठ पिस्टनच्या ओ-रिंगेला खरवडतं, मग त्या भोकांतून बारीक बुडबुडे सुटायला लागतात. सील केलेल्या डायफ्रॅम फर्स्ट स्टेजमध्ये पाणी आत शिरतच नाही. रोज गाळात उतरणाऱ्यासाठी बॅलन्स्ड असण्यापेक्षा सील असणं जास्त कामाचं, असं आमचं स्पष्ट मत आहे. मात्र डायफ्रॅम म्हणजे सील केलेलाच असं नाही. एपेक्सच्या डीएस४ सारखे सील केलेले असतात, काहींना सीलचं किट वेगळं लावावं लागतं, काहींना ते बसतच नाही. ओळखायला सोपं आहे. टोपीच्या टोकाला भोकाऐवजी रबराचा किंवा सिलिकॉनचा गोल पडदा दिसला पाहिजे. जुन्या मालात त्या पडद्यावर नखाने हलकेच दाबून भेगा बघा.

तेव्हा गोव्याचा २२ हजारांचा सेट सील केलेला असेल आणि त्याचं किट मिळत असेल, तर आमचा कौल त्याला. पण तो तपासल्याशिवाय नाही. विक्रेत्याला सांगा की एक भरलेला टँक, एक ५० बारवर आलेला टँक आणि बादलीभर गोडं पाणी तयार ठेव. तुम्ही स्वतः मधला दाब मोजायचं छोटं गेज न्या. ते बीसीडीच्या (हवा भरता येणाऱ्या जॅकेटच्या) इन्फ्लेटर होजला, म्हणजे हवा भरायच्या नळीला, खटकन बसतं, किंमत फार नसते, आणि पुढेही दर महिन्याला उपयोगी पडतं.

टँक लावण्याआधीच अर्धी गोष्ट कळते. फर्स्ट स्टेजच्या तोंडाशी आत एक बारीक जाळीदार धातूचा फिल्टर दिसतो, त्यावर टॉर्च मारा. तो स्वच्छ, चमकदार हवा. हिरवट दिसला तर आत पाणी गेलेलं आहे, बहुधा कुणीतरी डस्ट कॅप (फर्स्ट स्टेजच्या तोंडावरचं झाकण) न लावता धुतलाय. तांबूस भुकटी दिसली तर गंजलेल्या स्टीलच्या टँकमधली धूळ आहे. काळपट किंवा तेलकट असेल तर कॉम्प्रेसरची हवा खराब होती. हिरव्या फिल्टरवर तिथेच सौदा थांबवा. फिल्टर बदलता येतो, पण पाणी त्याच्या पलीकडे कुठवर गेलं हे उघडल्याशिवाय कळत नाही.

मग डस्ट कॅप घट्ट लावून, टँकशिवाय, सेकंड स्टेज तोंडात धरा आणि हलकेच हवा ओढा. काहीच यायला नको, ओठ आत खेचले गेले पाहिजेत आणि तसेच राहिले पाहिजेत. थोडीही हवा आली तर पाणीही तिथूनच येणार. बहुतेक वेळा दोष बाहेर जाणाऱ्या हवेच्या झडपेत असतो. त्या पातळ रबरी चकतीखाली केस किंवा रेतीचा कण अडकलेला असतो, किंवा ती चकती वळलेली असते. मुख्य डायफ्रॅम (सेकंड स्टेजमधला रबरी पडदा) फाटलेला किंवा माउथपीसला चावून भोक पडलेलं असलं तरी असंच होतं. हे भाग स्वस्त आहेत. प्लास्टिकचा डबाच तडकला असेल तर मात्र नको. ऑक्टोपसवरही हेच करा, बरेच लोक ते विसरतात.

होज वाकवून बघा, विशेषतः धातूच्या टोकांजवळ. रबरावर बारीक भेगा असतील तर नवे होज खर्चात धरा. विणलेल्या जाळीचे लवचिक होज असतील तर जास्त सावध राहा. जुन्या पद्धतीच्या काही विणलेल्या होजमध्ये आतली पॉलियुरेथेनची नळी उष्ण, दमट हवेत हळूहळू बिघडते, आत कडक खडे धरतात, हवा अडते किंवा नळी फुटते, आणि बाहेरून काहीही दिसत नाही. आपली हवा तशीच आहे. ७ वर्षांचे विणलेले होज आम्ही तपासतही बसणार नाही, सरळ बदलू. दाब कमी म्हणून लो प्रेशर होज (सेकंड स्टेजकडे जाणारा) किरकोळ समजू नका. प्रेशर गेजकडे जाणाऱ्या हाय प्रेशर होजच्या टोकाला सुईएवढंच भोक असतं, त्यामुळे तो फुटला तरी टँक सावकाश रिकामा होतो. लो प्रेशर होज फुटला तर काही मिनिटांतच टँक संपतो.

आता भरलेला टँक लावा. गेजची काच स्वतःपासून आणि दुसऱ्यापासूनही दूर वळवून धरा, व्हॉल्व्ह हळूहळू उघडा. सेकंड स्टेज एकदा पर्ज करून (पुढचं बटण दाबून हवा सोडून) सोडला की मधल्या दाबाच्या गेजवर काटा खाली जाऊन लगेच वर येतो आणि एका ठिकाणी खटकन थांबतो. तो ९ ते १० बारच्या, म्हणजे १३० ते १४५ पीएसआयच्या दरम्यान असायला हवा. नेमका आकडा त्या मॉडेलच्या माहितीपत्रकात असतो. आता काहीच करू नका, ५ मिनिटं काट्याकडे बघत राहा. तो थांबल्यावरही सरकत सरकत वर जात असेल, अर्ध्या बारपेक्षा जास्त चढत असेल, तर हाय प्रेशर सीट हवा धरत नाहीये. हाच दोष पुढे सेकंड स्टेजमधून अखंड हवा सुटण्याच्या रूपात दिसतो, कारण वाढलेला दाब तिथूनच बाहेर पडायला वाट शोधतो. ३ वर्षं सर्व्हिस न झालेल्या सेटमध्ये काटा थोडा सरकणं अपेक्षित आहे आणि नव्या सीटने ते जातं. विक्रेता "हे नॉर्मल आहे" म्हणाला तर त्याला किंमत उतरवायला सांगा. नंतर ५० बारच्या टँकवर तेच करा. बॅलन्स्ड म्हणून विकतोय तर आकडा जवळपास तोच यायला हवा.

सेकंड स्टेज किती ओढीने उघडतो ते बादलीत कळतं. माउथपीस वर, पर्जचं बटण खाली अशा स्थितीत तो पाण्यात अगदी सावकाश बुडवा. पाणी डायफ्रॅमच्या वर साधारण अडीच सेंटिमीटर चढलं की हवा सुटायला लागली पाहिजे. त्याच्या बऱ्याच आधी सुटली तर तो फार हलका लावलेला आहे आणि लाटेत उगाच हवा सोडेल. चार-पाच सेंटिमीटरपर्यंतही सुटली नाही तर श्वास जड जाणार. हे करताना डाइव्ह आणि प्री-डाइव्ह अशा खुणांची कांडी असेल तर ती प्री-डाइव्हवर आणि ओढ कमी-जास्त करायचं फिरतं बटण पूर्ण सैल ठेवा, नाहीतर चांगल्या मालाला नाव ठेवाल. ऑक्टोपस मुख्यापेक्षा किंचित जड असणं योग्यच आहे. शेवटी फर्स्ट स्टेज टँकसकट, दाबाखाली, पाण्यात धरा आणि कुठे बुडबुडे येतात ते पाहा. गेजच्या फिरत्या सांध्यातून आले तर तिथली दोन चिमुकल्या ओ-रिंगांची कांडी बदलली की झालं. डायफ्रॅमच्या टोपीखालून आले तर काम मोठं आहे.

जोडणीबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत. आपल्या किनाऱ्यावरच्या सेंटरांत ११.१ लिटरचे अ‍ॅल्युमिनियमचे टँक आणि योक (शिकंज्यासारखी आवळून बसणारी जोडणी) व्हॉल्व्ह हेच जास्त आहेत, तेव्हा योक घ्या. गोव्याचा सेट डिनचा (आट्यांनी आत फिरवून बसणारा) असेल तर योकचा अ‍ॅडॉप्टर त्याच किमतीत मागा. अ‍ॅडॉप्टर लावल्यावर फर्स्ट स्टेज थोडी बाहेर येते आणि मान वर केली की डोक्याला लागते, म्हणून रोजच्या कामाला कायमची योक जोडणी बसवून घेणं बरं. योक व्हॉल्व्हवर बसणारी ओ-रिंग ०१४ नंबरची असते. दहा-बारा जवळ ठेवा, बोटीवर ती फाटली की अख्ख्या ग्रुपची फेरी अडते.

पैशाचं गणित असं लावा. २२ हजार, अधिक लेखी घेतलेला सर्व्हिसचा आकडा, अधिक लागले तर नवे होज. ही बेरीज ३२-३३ हजारांच्या आत राहिली आणि वरच्या तपासण्यांत मोठा दोष निघाला नाही, तर तो घ्या. सर्व्हिस करून देण्याची अट विक्रेत्यावर घालू नका. पैसे कमी करून घ्या आणि तुमच्या टेक्निशियनकडून करून घ्या, जुने काढलेले भाग परत मागा. बेरीज त्याच्या वर गेली, किंवा किटबद्दल कुणी ठाम सांगेना, तर २६ हजारांचा नवा पिस्टन घ्या. उरलेल्या १४ हजारांत त्याच कंपनीचा साधा ऑक्टोपस आणि नुसतं सुईचं प्रेशर गेज बसवायचं बघा. ऑक्टोपस शक्य तर मुख्य सेकंड स्टेजच्याच मॉडेलचा घ्या, म्हणजे दोन्हींना एकच किट लागतं. पैसे कमी पडले तर गेज वापरलेलं चालेल, पण ते दुसऱ्या चांगल्या गेजशी ताडून घ्या. ऑक्टोपस मागाहून घेऊ असं मात्र करू नका. तुमच्या कामात तो पाहुण्याचा जीव वाचवण्यासाठी आहे.

नव्या पिस्टनवर गेलात तर रोजच्या धुण्यात कसूर चालणार नाही. शेवटच्या फेरीनंतर फर्स्ट स्टेज टँकवरच, दाबाखाली असताना, तिच्या भोकांत गोड्या पाण्याची सौम्य धार सोडा. मग टँकवरून काढून, डस्ट कॅप फडक्याने कोरडी पुसून लावा आणि अर्धा तास बादलीत भिजत ठेवा. दाब नसताना पर्जचं बटण पाण्यात दाबलंत तर पाणी होजमधून थेट फर्स्ट स्टेजपर्यंत जातं. किनाऱ्यावर हे हमखास घडतं, कारण मदतीला आलेलं पोर गंमत म्हणून ते बटण दाबतं. डस्ट कॅप सुकवायला टँकची हवा फुसकन सोडायची सवयही मोडा, त्या झोतात पाण्याचे थेंब फिल्टरमध्ये घुसतात.

जूनमध्ये काम बंद झालं की लगेच सर्व्हिसला देऊ नका, सप्टेंबरमध्ये द्या. आधी दिलात तर सेकंड स्टेजच्या नव्या सीटवर चार महिने एकाच जागी हवेच्या भोकाची धार दाबून राहते, तिच्यात खाच पडते आणि ऑक्टोबरच्या पहिल्याच डाइव्हला सेकंड स्टेज सूं-सूं करू लागतो. पावसाळ्यात तो प्लास्टिकच्या पिशवीत बंद न करता, पूर्ण वाळवून, होज मोठ्या वळशात ठेवून हवेशीर जागी ठेवा. आत ठिणग्या उडणाऱ्या विजेच्या मोटरशेजारी नको, त्या ठिणग्यांमुळे तयार होणारा ओझोन रबराला तडे पाडतो. सर्व्हिसहून परत आला की समुद्रात नेण्याआधी मधल्या दाबाचं गेज लावा, ५ मिनिटं काटा बघा आणि आकडा तारखेसह लिहून ठेवा. पुढे दर महिन्याला मोजलेला आकडा त्याच्याशी ताडून पाहा, आणि काटा सरकायला लागला तर १०० डाइव्ह भरायची वाट न बघता टेक्निशियनला फोन करा.